जळगावातून १९६७ च्या ग्रिडवर

१९६७ च्या फॉर्म्युला वन मोसमात जिम क्लार्कने सहा वेळा पात्रता फेरीत पहिला नंबर काढला आणि चार शर्यती जिंकल्या. जगज्जेता मात्र डेनी हल्म झाला. त्या वर्षी हल्मला एकदाही पहिल्या जागेवरून सुटता आले नाही आणि त्याने शर्यतीही दोनच जिंकल्या. पण अकरापैकी आठ शर्यतींत तो पहिल्या तिघांत होता. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या कुणाला घरच्या संगणकावरून त्या काळच्या गाड्यांच्या ऑनलाइन शर्यतींत उतरायचे आहे, त्याने स्टिअरिंगला हात लावण्याआधी हा हिशेब समजून घ्यावा. आपल्याकडून खेळताना दोन अडचणी एकावर एक येतात. गाडी अशी, की चूक झाल्यावर तुम्हाला सावरून घेणारे तिच्यात काहीच नाही. आणि प्रतिस्पर्धी इतका लांब, की पडद्यावर दिसतो तिथे तो त्या क्षणी नसतोच. खालची सगळी कृती या दोन अडचणी धरून सांगितली आहे.

खानदेशात गाड्यांच्या शर्यतीचा पक्का ट्रॅक नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हे तिन्ही आपल्यापासून लांब आहेत. आणि ते जवळ असते तरी १९६७ ची लोटस कुणी आपल्या हातात दिली नसती. त्यामुळे सिम्युलेटर हा खऱ्याचा दुय्यम पर्याय आहे असे मी मानत नाही. या गाड्या चालवायला शिकण्याचा आपल्याला उपलब्ध असलेला तो एकमेव मार्ग आहे, म्हणून तो नीट शिकावा.

सिम्युलेटर आणि गाडी

या प्रकाराचे मूळ १९९८ साली आलेल्या ‘ग्रँड प्रिक्स लेजेंड्स’मध्ये आहे. अमेरिकेतल्या पॅपायरस कंपनीच्या डेव्ह केमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ चा मोसम संगणकावर उभा केला. गाडीच्या हालचालीचे गणित हा सिम्युलेटर सेकंदाला २८८ वेळा मांडतो. त्या काळच्या घरगुती संगणकांना हे पेलवत नव्हते आणि गाडी इतकी अवघड होती, की पुष्कळांनी पहिल्या वळणावरच हात टेकले. परवान्याच्या अडचणीमुळे होंडाला त्यात ‘मुरासामा’ आणि कूपरला ‘कोव्हेंट्री’ म्हटले आहे. जुनी डिस्क मिळाली आणि चिकाटी असली, तर आजच्या विंडोजवरही तो चालवता येतो. त्याचे खेळाडू ‘आयगोर’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर जमून शर्यती लावतात. याच केमर यांनी पुढे ‘आयरेसिंग’ उभे केले. त्यातही लोटस ४९ आहे, पण तिथे वर्गणी भरावी लागते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘असेटो कोर्सा’ घ्यावा असे माझे मत आहे. इटलीच्या कुनोस कंपनीचा हा सिम्युलेटर २०१४ मध्ये पूर्ण स्वरूपात आला, स्टीमवर मिळतो आणि मध्यम ताकदीच्या संगणकावर नीट चालतो. त्यात लोटस ४९ आहे, १९६७ चा सिल्व्हरस्टोन आहे आणि १९६६ चा मोंझाही आहे, तोही जुन्या तिरक्या चढाच्या वळणांसकट. तुमच्याकडे आलेला सिम्युलेटर ‘ग्रँड प्रिक्स लेजेंड्स’ असेल, तर थेट फॉर्म्युला वन गाडीत बसू नका. त्यात शिकाऊंसाठी कमी ताकदीच्या दोन पायऱ्यांच्या गाड्या दिल्या आहेत, आधी त्या चालवा.

गाडी एकच निवडा आणि काही महिने तीच चालवा. लोटस ४९ का? तिच्या मागे बसवलेले कॉसवर्थचे डीएफव्ही इंजिन ४ जून १९६७ रोजी झँडव्हूर्टला पहिल्यांदा शर्यतीत उतरले आणि त्याच दिवशी क्लार्कने शर्यत जिंकली. सुमारे ४०० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन जेमतेम अर्धा टन. मात्र हे इंजिन मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास एकदम जागे होते. वळणातून निघताना काटा त्या आकड्यावर आला की मागची चाके अचानक फिरतात. हा स्वभाव एकदा पायात मुरला की त्या काळातली दुसरी कुठलीही गाडी परकी वाटत नाही.

बैठक

स्टिअरिंगशिवाय, नुसत्या कीबोर्डवर, या शर्यतींत उतरू नये. त्यात तुमचे नुकसान आहे आणि तुमच्या शेजारून जाणाऱ्याचेही. लॉजिटेकचा जी२९ किंवा थ्रस्टमास्टरचा साधा सेट पुरतो. नवा घ्यायचा तर खर्च बऱ्यापैकी आहे, म्हणून वापरलेला चालेल. घेताना फक्त ब्रेकचे पेडल हळूहळू दाबून पाहा आणि पडद्यावरचा आकडा अडखळतो का, ते बघा.

आपल्याकडच्या घरांत पहिली तक्रार पेडलची असते. फरशी गुळगुळीत, त्यामुळे जोरात ब्रेक दाबला की पेडलचा संच पुढे सरकतो. एका जाड प्लायवूडच्या फळीवर पेडल स्क्रूने घट्ट करा आणि फळीचे दुसरे टोक भिंतीला टेकवा. टेबल हलत असेल तर गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी अँगलचा छोटा स्टँड वेल्ड करून घ्या. जळगावात पीव्हीसी पाइप मुबलक मिळतो, आणि इंटरनेटवर त्याच्या स्टँडचे नकाशेही सापडतात. पण पाइप वाकतो, आणि स्टिअरिंगमधून हाताला येणारा सूक्ष्म थरथराट त्या वाकण्यात विरून जातो. जुन्या गाडीत टायर सुटू लागल्याची पहिली खबर त्या थरथराटातूनच मिळते. म्हणून अँगलच.

बसल्यावर आधी दृष्टिकोन, म्हणजे पडद्यावर किती अंशांचे दृश्य दिसावे ते, ठरवा. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर २४ इंची पडदा असेल, तर खऱ्या प्रमाणात उभा दृष्टिकोन २८ अंशांच्या आसपास येतो. नळीतून बघितल्यासारखे वाटेल. फारच कोंडल्यासारखे झाले तर ३५ पर्यंत वाढवा, त्यापुढे नको. दृष्टिकोन मोठा ठेवला की वेग भरपूर भासतो, पण वळण खरोखर किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. असेटो कोर्सात पेडलचा छोटा तक्ता पडद्यावर लावा. स्टिअरिंगच्या जोराची पट्टी त्यात लाल होत असेल, तर जोर कमी करा. लाल पट्टी म्हणजे मोटरने आपली शेवटची ताकद लावली आहे आणि त्यापुढचे बारकावे हातापर्यंत पोचत नाहीत.

हेडफोन हवाच. घरातले झोपलेले असतात हे एक कारण झाले. दुसरे कारण महत्त्वाचे आहे. टायरचा आवाज आणि इंजिनाचा चढ-उतार कानाने कळतो, काट्याकडे बघावे लागत नाही.

वीज, तार, उन्हाळा

वायफायवर शर्यत खेळू नका. राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची केबल ओढा, मग ती दोन खोल्यांतून फिरवावी लागली तरी चालेल. वायफायमध्ये सरासरी वेग चांगला दिसतो, पण मधूनच माहितीचे एखादे पाकीट उशिरा पोचते. त्या क्षणी दुसऱ्याच्या पडद्यावर तुमची गाडी उडी मारते.

वीज गेली तर संगणकासाठी यूपीएस लागतो हे सगळ्यांना ठाऊक असते, राउटर आणि फायबरचा छोटा डबा मात्र विसरला जातो. तेही यूपीएसवर घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस मोडचे बटण असते का ते पाहा. त्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ कमी होतो आणि संगणक सहसा बंद पडत नाही. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावांत, विशेषतः यावल, रावेर, चोपड्याकडे शेतीपंप एकाच वेळी सुरू होतात तिथे, स्टॅबिलायझरही लावा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो आणि रात्री अकरालाही खोली तापलेली असते. ग्राफिक्स कार्ड गरम झाले की स्वतःचा वेग कमी करते आणि नेमकी शर्यतीच्या मध्यावर चित्रे अडखळतात. मार्चमध्येच कॅबिनेट उघडून धूळ उडवा. फ्रेमच्या संख्येला मर्यादा घाला, ६० पुरेशा आहेत. कूलरची ओली हवा स्वतःच्या अंगावर घ्या, संगणकावर नको. हात घामेजत असतील तर पातळ सुती हातमोजे घाला.

गाडी शिकणे

इथे घाई करू नये. बाकी सगळी तयारी दोन-चार दिवसांत होते, याला आठवडे लागतात.

पंख नसलेल्या गाडीची पकड वेगाबरोबर वाढत नाही. आजच्या गाडीत वेग जितका जास्त तितकी हवा तिला रस्त्यावर दाबते. १९६७ च्या गाडीत ती सोय नाही. हिशेब करून बघा. ताशी २६० किलोमीटरवरून ९० वर यायचे आहे, आणि टायर एक जी इतकीच पकड देतात असे धरले, तर ब्रेक लावल्यापासून सुमारे २३५ मीटर लागतात. आजची फॉर्म्युला वन गाडी हेच काम निम्म्याहून कमी अंतरात करते. आधुनिक खेळांवर हात बसलेला माणूस पहिल्याच वळणावर बाहेर का जातो, ते या आकड्यात आहे. म्हणून प्रत्येक वळणासाठी ट्रॅकच्या कडेची एक न हलणारी खूण ठरवा: फलक, पूल, झाड किंवा कुंपणाचा कोपरा. समोरच्या गाडीला खूण मानू नका.

ब्रेक सरळ रेषेत लावा. सुरुवातीला जोरात, आणि मग गाडी वळवता वळवता पाय हळूहळू सोडत या. एकदम सोडला तर पुढच्या टायरवरचे वजन जाते आणि गाडी वळत नाही. एकदम दाबून धरला तर चाक लॉक होते. सेटिंगमध्ये ब्रेकचा तोल दोन-तीन टक्के पुढे सरकवा. मागची चाके आधी लॉक झाली की गाडी गोल फिरते, आणि नवशिक्याला ते टाळता आले पाहिजे.

या गाडीतला सर्वात धोकादायक क्षण रेस सोडण्याचा असतो. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला की माणूस भीतीने पाय उचलतो. वजन पुढे झुकते, मागचे टायर हलके होतात आणि मागचा भाग बाहेर निघतो. वळणात वेग जास्त झालाच, तर रेस पूर्ण सोडू नका, अर्धी ठेवा, स्टिअरिंग थोडे सैल करा आणि गाडीला रुंद जाऊ द्या. रुंद गेल्याने अर्धा सेकंद जातो, गोल फिरल्याने शर्यत जाते. डिफरन्शियलच्या सेटिंगमध्ये रेस सोडल्यावरचे लॉक वाढवले तर या क्षणी गाडी शांत राहते. लेजेंड्समध्ये त्यासाठी सोडतानाचा रॅम्पचा कोन लहान करायचा, कारण कोन लहान तितके लॉक जास्त. याने गाडी वळायला थोडी नाखूश होते, पण सुरुवातीच्या महिन्यांत हा सौदा फायद्याचा आहे.

त्या काळचे टायर थोडे घसरत असतानाच उत्तम पकड देतात, म्हणून गाडी वळणात किंचित तिरपी चालणे ही चूक समजू नका. वळण हाताने सुरू होते आणि पायाने पुढे चालते. कमानीच्या मध्यावर रेस थोडी थोडी वाढवत गेलात की मागचा भाग बाहेर झुकतो आणि नाक आत येते. रेस वाढवली तर गाडी बाहेरच्या कडेकडे सरकते, किंचित कमी केली तर आतल्या कडेकडे. हात जवळजवळ स्थिर ठेवून एकच लांब वळण फक्त पायाने पूर्ण करता आले, की गाडी समजली म्हणायला हरकत नाही. सिल्व्हरस्टोनची जुनी वेगवान वळणे यासाठी उत्तम आहेत. लेजेंड्समध्ये हा सराव वॉटकिन्स ग्लेनवर करा. तो ट्रॅक जेमतेम पावणेचार किलोमीटरचा आहे आणि लवकर पाठ होतो.

न्युरबुर्गरिंगचा मोह सगळ्यांना होतो. त्या काळची त्याची एक फेरी २२.८ किलोमीटरची, म्हणजे जळगाव ते भुसावळ रेल्वेने जेवढे अंतर जवळपास तेवढी. पहिले सहा महिने तिथे जाऊ नका.

ऑनलाइन उतरायला तयार झालात की नाही, याची कसोटी सर्वात वेगवान फेरीवर लावायची नाही. टाकी पूर्ण भरून सलग पंधरा फेऱ्या मारा. एकदाही ट्रॅक सोडायचा नाही, आणि सर्वात चांगल्या व सर्वात वाईट फेरीत दीड सेकंदापेक्षा जास्त फरक नको. हे जमले तर शर्यतीत तुमच्या मागे-पुढे असणाऱ्यांना तुमची भीती वाटणार नाही. त्याच वेळी इंधनही मोजून ठेवा. एका फेरीला किती जाते ते काढा, शर्यतीच्या फेऱ्यांनी गुणा आणि वर दोन फेऱ्यांचे घाला. १९६७ च्या मोंझाला क्लार्कची एक संपूर्ण फेरी वाया गेली होती. ती भरून काढत तो पुन्हा सर्वांच्या पुढे आला आणि शेवटच्या फेरीत इंजिनाला इंधन मिळेनासे झाल्याने तिसरा राहिला. सर्टीसची होंडा जॅक ब्रॅबमच्या पुढे दोन दशांश सेकंदाने जिंकली.

अंतर आणि पिंग

या शर्यतींचे बहुतेक सर्व्हर युरोपात आहेत. जळगावहून जर्मनी सरळ रेषेत साडेसहा-सात हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन निदान ६५-७० मिलिसेकंद लागणारच. तार सरळ जात नाही. आपले पाकीट मुंबईला जाते, तिथून समुद्राखालच्या केबलने अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र ओलांडते. प्रत्यक्षात जाऊन-येऊन लागणारा हा वेळ, म्हणजे पिंग, सव्वाशे ते पावणेदोनशे मिलिसेकंदांत येतो. महागडा प्लॅन घेऊन हा आकडा फारसा कमी होत नाही. तो भूगोलाचा आहे.

त्याचा ट्रॅकवर अर्थ काय ते पाहा. ताशी २५० किलोमीटरला गाडी सेकंदाला ६९ मीटर जाते. पिंग १५० असेल, तर सर्व्हरहून तुमच्याकडे खबर यायला ७५ मिलिसेकंद लागले, आणि तेवढ्यात गाडी पाच मीटर पुढे गेली. लोटस ४९ ची लांबी सुमारे चार मीटर. म्हणजे जुनी खबर साधारण एका गाडीभर मागची असते. सिम्युलेटर ती फट अंदाजाने भरतो: समोरचा आहे त्याच वेगाने, त्याच दिशेने गेला असेल असे धरून त्याला पुढे दाखवतो. सरळ रस्त्यावर हा अंदाज बरोबर येतो. तो ब्रेक लावतो किंवा एकदम वळतो तेव्हा अंदाज चुकतो. तुम्हाला तो अजून जोरात जाताना दिसतो, प्रत्यक्षात त्याने ब्रेक लावलेला असतो. आणि तुमची हालचाल त्याच्याकडे पोचायला तितकाच वेळ लागतो.

यातून आपल्याकडच्या खेळाडूसाठी तीन सवयी निघतात. ब्रेकच्या जागी समोरच्याच्या बरोबर मागे राहू नका. निदान दोन गाड्यांचे अंतर ठेवा आणि अर्धी गाडी बाजूला सरकून चला, म्हणजे अंदाज चुकला तरी त्याच्या मागच्या चाकाला तुमचे नाक लागणार नाही. या गाड्यांची चाके उघडी आहेत. चाकाला चाक लागले की गाडी हवेत जाते, हे खऱ्या शर्यतीत होते आणि सिम्युलेटरमध्येही होते. ओलांडायचे ते सरळ रस्त्यावर, समोरच्याच्या मागची हवा वापरून, आणि वळण यायच्या आत संपूर्ण. जुन्या मोंझाला शिकेन, म्हणजे वेग तोडणारी आडवी-तिडवी वळणे, नव्हती, त्यामुळे तिथे या कामासाठी भरपूर लांबी मिळते. आणि वळणात दोघे शेजारी आलात, तर त्याला तुम्हाला दिसते त्याहून एक गाडीभर जास्त जागा सोडा. तुमच्या पडद्यावर फट दिसत असताना त्याच्या पडद्यावर चाके एकमेकांना लागलेली असू शकतात.

ही जागा सोडल्याने तुम्ही मागे पडाल असे वाटेल. जुन्या गाड्यांच्या वीस फेऱ्यांच्या शर्यतीत पहिल्या तीन फेऱ्यांतच कित्येक जण गवतात जातात. त्यांना धक्का न लावता जो पुढे जातो, त्याला जागा आपोआप मिळत राहते. हल्मच्या आठ निकालांचा हिशेब इथेही तसाच चालतो.

घड्याळ

युरोपातल्या बहुतेक शर्यती तिथल्या संध्याकाळी आठच्या सुमारास असतात. जर्मनी-फ्रान्सचे आठ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. इंग्लंडचे आठ हिवाळ्यात दीड, उन्हाळ्यात साडेबारा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एका तासाने सरकतात, आपली सरकत नाहीत. त्या आठवड्यात हमखास गोंधळ होतो. आणि तिकडची रविवारची शर्यत हिवाळ्यात आपल्याकडे सोमवार उजाडल्यावर सुरू होते, हे सुट्टी ठरवताना ध्यानात ठेवा. सकाळी सातला कामावर जाणाऱ्याने महिन्यातून एकच अशी शर्यत घ्यावी. झोपाळलेल्या माणसाचा ब्रेक दरवेळी दहा मीटर उशिरा लागतो.

शर्यतीची रात्र

अर्धा तास आधी सर्व्हरवर या. घरातल्या बाकी फोनांची डाउनलोड आणि टीव्हीवरचे स्ट्रीमिंग थांबवा, स्टीमचे आपोआप अपडेट बंद करा. सर्व्हरने कुठल्या मदती चालू ठेवल्या आहेत ते वाचा. कुठे आपोआप क्लच चालतो, कुठे चालत नाही, आणि ते ग्रिडवर कळून उपयोग नाही. पिंगची मर्यादा असेल तर आयोजकाला आधीच लिहून सांगा: भारतातून खेळतोय, पिंग इतका आहे, जागा सोडून चालवीन. बहुतेक जण समजून घेतात. पात्रता फेरीत कुणी वेगाने येत असेल तर रेषा सोडून बाजूला राहा आणि त्या वेळात चॅटवर काही लिहू नका. पडद्यावर ओळ उमटली की वळणातल्या माणसाची नजर हलते.

सुटताना इंजिन साडेपाच-सहा हजारांवर ठेवा, त्यापेक्षा वर नको, नाहीतर चाके जागीच फिरतील. क्लच हळू सोडा, रेस टप्प्याटप्प्याने वाढवा. पहिल्या वळणाला तुमची ठरलेली ब्रेकची खूण विसरा आणि तीस-चाळीस मीटर आधी ब्रेक लावा. टाकी भरलेली आहे, टायर थंड आहेत आणि समोर दहा गाड्या उशिरा पोचणाऱ्या खबरांवर चालत आहेत. पहिली फेरी जागा टिकवण्याचीसुद्धा नाही, फक्त पूर्ण करण्याची.

गाडी फिरली तर दोन्ही पाय ब्रेक आणि क्लचवर, आणि गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवा. थांबलेली गाडी इतरांना चुकवता येते, मागेपुढे हलणारी चुकवता येत नाही. सगळे गेल्यावरच परत या, आणि रेषेवर आडवे येऊ नका. निळे झेंडे दिसले, म्हणजे मागून वेगवान गाडी ओलांडायला आली, तर एकदम बाजूला उडी मारू नका. तुमच्या रेषेवरच राहा आणि पुढच्या सरळ रस्त्यावर रेस किंचित कमी करा. ओलांडणाऱ्याला तुम्ही काय करणार हे आधी कळणे सर्वात मोलाचे असते. तुमच्यामुळे कुणाची गाडी फिरली, तर थांबून त्याला पुढे जाऊ द्या. नियमात लिहिले नसले तरी द्या.

शर्यत संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. रिप्ले साठवा. ज्याला धक्का लागला असेल त्याची चॅटवर नाव घेऊन माफी मागा. दुसऱ्या दिवशी रिप्लेत तो प्रसंग त्याच्या गाडीतून पाहा. तुमच्या आणि सर्व्हरच्या चित्रातला फरक तिथे उघड दिसतो, आणि पुढच्या वेळी किती जागा सोडायची ते नेमके कळते.

आपला सर्व्हर

चार-सहा जण जमले की युरोपची वाट बघायची गरज नाही. असेटो कोर्साचा सर्व्हर प्रोग्रॅम खेळाबरोबरच येतो, वेगळे पैसे लागत नाहीत. एकाच्या घरी तो चालवायचा तर राउटरवर ९६०० क्रमांकाचे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी, आणि ८०८१ क्रमांकाचे वेब पोर्ट उघडावे लागते. इथे बहुतेकांचे काम अडते, कारण अनेक कंपन्या पुष्कळ ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात आणि मग पोर्ट उघडूनही बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. इंटरनेटवाल्याकडे स्थिर आयपी पत्ता मागा. तो मिळत नसेल तर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा क्लाउड सर्व्हर तासाच्या भाड्याने घ्या. जळगाव-मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, त्यामुळे धुळे, अमळनेर, शिरपूर, भुसावळ सगळ्यांचा पिंग वीस-तीसच्या आसपास राहतो. जर्मनीच्या सर्व्हरवर जी फट पाच मीटरची होती ती इथे मीटरभर उरते, आणि खरी शेजारी-शेजारीची लढत पहिल्यांदा अनुभवता येते. पुण्या-मुंबईकडचे किंवा परदेशात स्थायिक झालेले आपले लोकही यात घेता येतात, फक्त त्यांची वेळ विचारून ठरवा.

वेळ रविवारी संध्याकाळी ठेवा, जेवणाच्या आधी. दोन शर्यती पुरेत. पहिली जुन्या सिल्व्हरस्टोनला, दुसरी जुन्या मोंझाला, प्रत्येकी पंधरा फेऱ्या. गुण १९६७ च्याच पद्धतीने द्या: पहिल्या सहा जणांना ९, ६, ४, ३, २, १. त्या वर्षी पहिल्या सहा शर्यतींतले उत्तम पाच निकाल आणि शेवटच्या पाचांतले उत्तम चार धरत. अकरा रविवारांची मालिका आखली तर तोही नियम जसाच्या तसा लागू होतो, आणि कुणाच्या घरी लग्न असले, वीज गेली किंवा केळीची गाडी भरायची असली, तर त्याचा एखादा रविवार सोडून देता येतो. वादग्रस्त धक्क्यांचा निवाडा त्या रविवारी शर्यतीत नसलेल्या माणसाने रिप्ले बघून करावा, आणि निकाल मंगळवारच्या आत सगळ्यांना कळवावा.